घर बांधायला काढण्याआधी

पाऊस सरला, दसरा झाला की आपल्याकडे घराची कामे निघतात. कुणी गावाकडचे जुने घर पाडून नवे बांधायला घेते, कुणी तालुक्याच्या गावी घेतलेल्या दोन गुंठ्यांत जोते घालते, कुणाच्या सोसायटीत पुनर्विकासाच्या सभा सुरू होतात. हा मजकूर त्या सगळ्यांसाठी आहे. हरित इमारतींची मानांकने, काचेच्या मोठ्या इमारती, नामवंत वास्तुविशारद यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. पण आपल्या राज्यातली असंख्य घरे मिस्त्री, सेंट्रिंगवाला आणि घरमालक असे तिघे मिळूनच उभी करतात. या तिघांत पैसे मोजणारा मालक असतो आणि बहुतेक वेळा सगळ्यांत कमी प्रश्नही तोच विचारतो. माझी विनंती एवढीच आहे, की विचारा. माती, पाणी, वाळू, वीज यांची बचत कागदावर कितीही ठरली तरी साइटवर ती मालकाच्या तोंडूनच उतरते. मालकाने मागितलीच नाही, ती गोष्ट ठेकेदार आपणहून कशाला करेल?

पहिला प्रश्न पाडण्याआधीचा आहे. हे घर पाडायलाच हवे का? गळणारे छप्पर, ओल चढलेली भिंत, वाळवी लागलेली एखादी तुळई, एवढ्यावरून घर मोडीत काढले जाते. जोते भक्कम आहे, भिंती ओळंब्यात आहेत, लाकूड ठणठणीत आहे, तर छप्पर बदलून आणि मागे दोन खोल्या वाढवून काम भागू शकते. पण यात मिस्त्रीच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि त्याची फी द्या. सगळ्या कामाच्या खर्चापुढे ती फी किरकोळ असते, आणि तिच्यामुळे कदाचित निम्मे सिमेंट वाचते. त्याने पाडा म्हटले, तर निदान ते घर बुलडोझरखाली घालू नका. हाताने उतरवा. घडीव काळा दगड, सागवानी दारे-चौकटी, तुळया, मंगळुरी कौले, लोखंडी गज यांतली प्रत्येक वस्तू पुन्हा वापरता येते, आणि नको असेल तर विकता येते. जुन्या सागवानाच्या चौकटीला बाजारात मान आहे, कारण तसे मुरलेले लाकूड आज सहज मिळत नाही. उरलेले विटांचे तुकडे आणि दगडमाती नव्या जोत्याच्या भरावात घाला. त्यात लाकडाच्या ढलप्या, प्लास्टिक, पीओपीचा चुरा मात्र जाऊ देऊ नका. लाकूड कुजते, भराव बसतो आणि वरची फरशी खचते.

राहिलेला राडारोडा ओढ्यात किंवा नदीकाठी ओतला जातो, हे आपण सगळे डोळ्यांनी पाहतो. रात्री ट्रॅक्टर येतो आणि सकाळी ओढा अर्धा भरलेला असतो. पुढच्या पावसात त्या ओढ्याचे पाणी कुणाच्या तरी घरात शिरते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम केले. दिल्लीत बुराडीला २००९ पासून या कचऱ्यावर प्रक्रिया होते आहे, आणि आपल्याकडे पुण्याजवळ वाघोलीलाही असा प्रकल्प आहे. चुरलेल्या काँक्रीटची खडी पुन्हा काँक्रीटमध्ये वापरायला भारतीय मानकाने २०१६ पासून मर्यादित प्रमाणात परवानगी दिली आहे. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ प्रतीपर्यंत २० टक्के. तेव्हा ठेकेदाराशी करार करताना राडारोडा कुठे टाकणार, हे लिहूनच घ्या. ‘टाकू कुठंतरी’ हे उत्तर घेऊ नका.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि तो खरा अवघड आहे. आपल्याकडे घर हा आयुष्यात एकदा करायचा खर्च असल्यामुळे माणूस पुढच्या दोन पिढ्यांचा हिशोब करून खोल्या काढतो. पुढे मुले पुण्याला किंवा बंगळुरूला जातात, वरच्या मजल्याला कुलूप लागते. एक साधा हिशोब सांगतो. दहा बाय दहाची एक खोली. तिच्यावर पाच इंची स्लॅब टाकला, तर एम-२० च्या नेहमीच्या प्रमाणाने निव्वळ स्लॅबलाच सुमारे नऊ ते दहा पोती सिमेंट लागते. बीम, कॉलम, पाया, वीटकाम, गिलावा, फरशी हे सगळे वेगळे. आज न लागणारी खोली आज बांधू नका. पाया आणि कॉलम पुढच्या मजल्याचा भार धरून इंजिनिअरकडून काढून घ्या, जिन्याची जागा ठेवा, आणि गरज पडेल तेव्हा वाढवा. कॉलमच्या सळया उघड्या ठेवायच्या असतील तर त्यांना सिमेंटचा पातळ लेप किंवा पातळ काँक्रीटचे वेष्टन द्या. गच्चीवर वर्षानुवर्षे गंजत उभ्या असलेल्या सळया पुढच्या मजल्याच्या कामी येत नाहीत.

सिमेंटवर मी इतका का अडून बसलो आहे, तेही सांगायला हवे. चुनखडीचा दगड सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजला की क्लिंकर तयार होते आणि ते दळून सिमेंट होते. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपना पट्ट्यात हे कारखाने आपल्या डोळ्यांसमोर आहेत. भाजताना इंधनाचा धूर होतोच, पण त्या दगडातच अडकलेला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. त्यामुळे भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवली तरी हा दुसरा भाग टळत नाही. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के धरला जातो. सिमेंट टाकून देण्यासारखी वस्तू नाही. स्लॅबला, पायाला ते लागणारच. म्हणून ते जिथे लागते तिथेच वापरायचे, आणि वापरले की वाया घालवायचे नाही.

दुकानात पोते घेताना त्यावरचे छापील वाचा. पीपीसी म्हणजे ज्यात औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेली असते, मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के. पीएससीमध्ये पोलाद कारखान्याची मळी असते. तेवढे क्लिंकर कमी लागते, म्हणून तेवढा धूर कमी. मिस्त्री म्हणेल, ‘स्लॅबला ५३ ग्रेडच पाहिजे, साहेब.’ त्याला ते सिमेंट लवकर धरते, सेंट्रिंग लवकर सुटते आणि सामान दुसऱ्या साइटवर नेता येते, म्हणून हवे असते. तुमच्या साध्या घराला पीपीसी उत्तम चालते. फक्त त्याला ताकद धरायला थोडे जास्त दिवस लागतात, म्हणून सेंट्रिंग काढायची घाई करू देऊ नका आणि पाणी निदान दहा दिवस मारा. कोकणात खाऱ्या हवेत तर राखेचे किंवा मळीचे सिमेंट सळईच्या दृष्टीनेही बरे.

आता पाणी, कारण या एका गोष्टीवर तुमच्या घराचे आयुष्य ठरते आणि तिला खर्च शून्य आहे. माल कालवताना कामगार पाणी वाढवतात, कारण पातळ माल ओढायला सोपा जातो. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि काँक्रीटमध्ये बारीक बारीक वाटा सोडून जाते. त्या वाटांनी ओल शिरते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि छताचे पोपडे पडतात. तुम्ही राहायला आल्यावर काही वर्षांतच हे दिसायला लागते. ५० किलोच्या पोत्याला २५ ते २७ लिटरच्या वर पाणी जाऊ नये, आणि त्यात ओल्या वाळूतले पाणीही आले. स्लॅबच्या दिवशी मालकाने पेढे वाटत फिरण्यापेक्षा मिक्सरपाशी उभे राहावे आणि बादल्या मोजाव्यात. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का, तेही त्याच दिवशी पाहा. स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४० मिलिमीटर. खडीचा तुकडा सरकवून ‘झालं कव्हर’ म्हणणाऱ्याला काम थांबवून ब्लॉक लावायला सांगा. पाणी मारताना पाइप सोडून देऊ नका. स्लॅबवर मालाचे वाफे करून पाणी उभे ठेवा, कॉलमना गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवा. यात पाणीही कमी लागते आणि काँक्रीटही पक्के होते. टँकरने पाणी विकत घ्यावे लागणाऱ्या गावात तर हा फरक रोजच्या खर्चात दिसतो.

जे घर ६० वर्षे टिकते, ते ३० वर्षांत पाडाव्या लागणाऱ्या घरापेक्षा निम्म्याच सिमेंटमध्ये तेवढाच निवारा देते. मुंबई-ठाण्यात तीस-चाळीस वर्षांच्या इमारती धोकादायक ठरून पाडाव्या लागतात, त्यामागे हेच पाणी, हेच कव्हर आणि गळतीकडे केलेले दुर्लक्ष असते.

भिंतींकडे येतो. नेहमीची लाल वीट शेतातल्या वरच्या मातीची बनते. ती माती तयार व्हायला किती काळ जातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आपल्याकडे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, भुसावळ, परळी, एकलहरे इथे राखेचे डोंगर पडले आहेत. त्यांच्या आसपासच्या जिल्ह्यांत राखेच्या विटा सहज मिळतात आणि त्या भाजाव्या लागत नाहीत. घ्यायच्या आधी एक वीट रात्रभर पाण्यात ठेवा. कडा भुगा होऊन सुटल्या, तर तो कारखाना सोडा. राखेची वीट म्हणून काहीही खपवणारे आहेतच. फ्रेमच्या इमारतीत एएसी ब्लॉक घेतले तर भिंतीचे वजन विटेच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते, बीम-कॉलमवरचा भार उतरतो आणि ऊनही कमी आत येते. पण त्याचा फायदा इंजिनिअरने तो हलका भार धरून सळई काढली तरच होतो. आधीच्याच ड्रॉइंगवर नुसते ब्लॉक बदलून काही वाचत नाही.

विटाच घ्यायच्या असतील, तर केरळमध्ये लॉरी बेकर यांनी रूढ केलेली उभ्या विटांची पोकळ बांधणी मिस्त्रीला करायला सांगा. विटा चपट्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते. सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि त्या पोकळीमुळे भिंत कमी तापते. मिस्त्री पहिल्या दिवशी कुरकुरेल, तिसऱ्या दिवशी त्याचा हात बसेल. कोकणात आणि गोव्यात तर बाहेर कुठे पाहायची गरजच नाही. जांभ्याचा चिरा खाणीतून कापून निघतो, त्याला भट्टी लागत नाही, आणि नीट दर्जा भरल्या तर बाहेरून गिलावाही लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात इतका चांगला चिरा पायाशी असताना घाटावरून विटांचे ट्रक मागवलेले पाहिले की वाईट वाटते. फक्त चिरा कुठल्या खाणीचा, ती खाण परवान्याची आहे का, हे विचारून घ्या. उघडे टाकलेले चिरेखाणीचे खड्डे गुराढोरांना आणि पोरांना जीवघेणे असतात.

इथे एक गंभीर गोष्ट. जुनी पद्धत ती सगळी चांगली, असे समजून कुणी मातीदगडाचे घर बांधायला घेत असेल, तर त्याने किल्लारीचा भूकंप आठवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच आपल्या घरांखाली गेली. ती घरे स्थानिक दगडामातीचीच होती. जाड भिंतीची दोन तोंडे वेगवेगळी रचलेली, मध्ये भर म्हणून लहान दगड आणि चिखल, दोन्ही तोंडांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि वर माळवदाची कित्येक टन माती. भिंत फुगून दुभंगली आणि ती माती खाली आली. दोष दगडाचा नव्हता. आरपार दगड ठरावीक अंतरावर घातले, कोपरे एकमेकांत गुंतवले, जोत्यापाशी, दारांच्या वर आणि छपराखाली सलग पट्टा फिरवला आणि छप्पर हलके ठेवले, तर दगडाचे घर धक्का सोसते. स्थानिक साहित्य जरूर वापरा, पण ड्रॉइंग इंजिनिअरचेच घ्या. माणसांवर कोसळणाऱ्या घराला पर्यावरणस्नेही म्हणता येणार नाही.

वाळूबद्दल थोडक्यात. नदीतली वाळू उपसली की पात्र खोल जाते, काठ ढासळतात आणि नदीकाठच्या विहिरींचे पाणी खाली जाते. धुतलेली, चांगल्या प्रतीची क्रश सँड काँक्रीटला आणि वीटकामाला व्यवस्थित चालते. चोरटी वाळू दारात ब्रासला दोन पैसे स्वस्त मिळाली, तरी घेऊ नका.

उन्हाचा विचार नकाशा काढतानाच करायचा असतो, नंतर त्याची किंमत दरमहा विजेच्या बिलात मोजावी लागते. घराची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडांना ठेवा. दक्षिणेचा सूर्य हिवाळ्यात येतो आणि दोन फुटांच्या छज्ज्याने आवरतो. पश्चिमेचा दुपारनंतरचा सूर्य खाली उतरलेला असतो, त्याला छज्जा अडवत नाही. म्हणून पश्चिमेला न्हाणी, कोठीची खोली, जिना काढा, पडवी काढा, बाहेर कडुनिंब लावा. झोपायची खोली पश्चिमेला आणि वरून मोठी काच, हे विदर्भात किंवा सोलापुरात करणे म्हणजे पंचवीस वर्षे एसीचे बिल भरण्याची तयारी ठेवणे. समोरासमोर खिडक्या ठेवा, उंचावर गरम हवा जायला झडपा ठेवा. स्लॅब पांढरा ठेवा. चुन्याचे दोन हात किंवा कोब्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, दोन्ही जुने आणि खात्रीचे उपाय आहेत. आत जमिनीला शहाबादी किंवा कोटा घातला, तर भट्टीत भाजलेल्या चकचकीत टाइल्सची गरज उरत नाही आणि उन्हाळ्यात पायालाही गार लागते.

गच्चीवर पाण्याची टाकी उत्तरेच्या कडेला ठेवा, म्हणजे पुढे सौर पॅनल बसवाल तेव्हा त्यांवर सावली येणार नाही. वायरसाठी एक पाइप आत्ताच सोडून ठेवा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान २०२४ पासून मिळते. आज पैसे नसतील, पण जागा आणि पाइप तयार असेल तर उद्या भिंत फोडावी लागणार नाही.

पावसाचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९,३०० लिटर पाणी येते. वाया जाणारे सोडले तरी सात हजारांवर हाती लागते. १०० मिलिमीटर पाऊस दुष्काळी तालुक्यातही पडतो. पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी ठेवा, मग खडी-वाळूच्या गाळणीतून टाकीत किंवा बोअरच्या शोषखड्ड्यात. न गाळलेले पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका, जमिनीखालचे पाणी एकदा नासले की ते सुधारता येत नाही. आणि अंगण सगळे पेव्हरने मढवू नका. झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेले जागोजागी दिसते. त्या झाडाच्या मुळांना पाणीही मिळत नाही आणि हवाही मिळत नाही.

सोसायटीच्या सभासदांना वेगळे सांगायचे आहे. पुनर्विकासाच्या सभेत सगळी चर्चा किती चौरस फूट जास्त मिळणार यावर होते. आधी दुरुस्तीचा पर्याय स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासून घ्या. विकासकाने आणलेला इंजिनिअर त्यासाठी चालणार नाही. पुनर्विकासच ठरला, तर विकास करारात चार ओळी घालायला लावा: राडारोडा कुठे जाणार, गच्ची आणि न्हाण्यांच्या गळतीची जबाबदारी किती वर्षे, पावसाचे पाणी प्रत्यक्ष कुठे मुरणार, आणि सांडपाण्याचा प्रकल्प असेल तर तो चालवण्याचा मासिक खर्च किती. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संकलन सक्तीचे आहे. नकाशात ते दाखवलेले असतेच. ताबा घेण्याआधी पाइपमध्ये पाणी ओतून ते खड्ड्यापर्यंत पोचते का ते पाहा.

शेवटी कामगार. मिस्त्री, बिगारी, वाळू चाळणाऱ्या बाया यांच्या श्रमांवर घर उभे राहते. साइटवर सावलीची जागा, पिण्याचे पाणी आणि बायांसाठी आडोशाचा संडास पहिल्या दिवशीच करा. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळाला, तर त्यांना राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते आणि मुलांच्या शिष्यवृत्तीपासून उपचारांपर्यंत मदत मिळते. तुमच्याकडे जितके दिवस त्यांनी काम केले, तितक्या दिवसांचा दाखला तारखांसह सही करून द्या. त्याला तुमचा एक पैसाही लागत नाही.

आणि गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक स्लॅबच्या सळईचे, पाण्याच्या आणि विजेच्या प्रत्येक पाइपचे मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. ते फोटो, इंजिनिअरची ड्रॉइंग आणि मालाच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल घरातल्या पुढच्या माणसाला कुठे आहे ते दाखवून ठेवा. वीस वर्षांनी नळ गळेल, तेव्हा सबंध भिंत न फोडता एकच फरशी उचलून काम होईल.